मागच्या बाकावरचे पाळकसाहेब

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

'मंडळी' हा आपल्या मराठीतला मोठा गोड शब्द आहे. पंगतीला बसतात ती मंडळी, वऱ्हाडात येतात ती मंडळी, भजनाला जमतात ती मंडळी. जुन्या वळणाचा गृहस्थ तर स्वतःच्या बायकोचा उल्लेखही 'आमची मंडळी' असाच करायचा. नगरमध्ये वाढल्यामुळे मला या शब्दाचा आणखी एक अर्थ लहानपणापासून ठाऊक आहे. तिकडचा मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला मंडळी म्हणतो. दगडविटांची इमारत वेगळी. त्या इमारतीत रविवारी जमणारी, एकमेकांच्या लग्नाला आणि मयताला धावणारी माणसे ती मंडळी. मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया'. त्याचाही अर्थ बोलावून जमवलेली सभा असाच आहे. ज्या कोणी हा मराठी शब्द निवडला, त्याचा कान चांगला होता.

'ख्रिस्ती मंडळीतले नेतृत्व' या विषयावर बोलाल का, असे आकाशवाणीच्या मित्रांनी विचारले तेव्हा मी जरा बिचकलो. मी मुसलमान. मराठीत कविता लिहितो. शिक्षण बी. ए.पर्यंतचे, तेही मराठी घेऊन. ख्रिस्ती धर्मशास्त्राशी माझा संबंध शेजाऱ्याचा. पण शेजाऱ्याला कधी कधी घरच्यांपेक्षा जास्त दिसते, कारण तो कुंपणापाशी उभा असतो.

आमच्या घरासमोर एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. त्या घरातल्या बाई दवाखान्यात आया होत्या. त्या माझ्या अम्मीला भाभी म्हणत आणि आम्ही पोरे त्यांना मावशी म्हणत असू. त्यांची शाळा दुसरीतच सुटलेली. वाचताना ओळीखाली बोट फिरवीत. १९८०च्या सुमारास त्यांच्या मंडळीला नवे पाळकसाहेब आले. पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू, कळप राखणारे. या साहेबांनी एके दिवशी मावशींना सांगितले, "पुढच्या शुक्रवारी बायकांची प्रार्थनासभा तुम्ही चालवायची." मावशी रडकुंडीला आल्या. आमच्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "भाभी, मी दवाखान्यात भांडी उचलणारी बाई. मी लोकांना काय वचन सांगू?" अम्मी म्हणाली, "माझ्याशी बोलतेस तसं बोल."

सभा समोरच्याच अंगणात होती. मी कुंपणापाशी. मावशींनी लूकच्या शुभवर्तमानातला हरवलेल्या नाण्याचा दाखला निवडला होता. बाईचे एक नाणे हरवते, ती दिवा लावून, घर झाडून शोधते, ती गोष्ट. वाचताना त्यांनी दोन ओळी गाळल्या, तिसरी दोनदा वाचली. पदराने घाम पुसला. पाळकसाहेब सगळ्यांच्या मागे, पायरीवर बसले होते. तो उतारा त्यांना तोंडपाठ असणार. पण ते मान खाली घालून बसून राहिले. खाकरले नाहीत, शब्द पुरवला नाही. शेवटी मावशींनी पुस्तक मिटले आणि दवाखान्यात लाइट गेलेली असताना एका बाळंतिणीचे पडलेले डोरले कंदील घेऊन आपण कसे शोधले, ते सांगायला सुरुवात केली. चुळबुळणाऱ्या बायका गप्प झाल्या.

पाळकसाहेबांनी मदत का केली नाही, याचा मला त्या वेळी राग आला होता. ते गप्प बसणे हेच त्यांचे काम होते, हे पुष्कळ वर्षांनी कळले.

बायबलच्या नव्या करारात इफिसकरांस लिहिलेले एक पत्र आहे. त्याच्या चौथ्या अध्यायात मंडळीला लाभलेल्या निरनिराळ्या माणसांची यादी येते: कोणी प्रेषित, कोणी संदेष्टे, कोणी सुवार्तिक, कोणी पाळक आणि शिक्षक. पुढच्याच वाक्यात ही माणसे कशासाठी आहेत ते सांगितले आहे, आणि तिथे एका स्वल्पविरामावरून सारा फरक पडतो. स्वल्पविराम दिला तर अर्थ असा होतो की, भक्तांना घडवणे हे पाळकाचे एक काम आणि सेवा करणे हे त्याचेच दुसरे काम. स्वल्पविराम काढला की अर्थ बदलतो: भक्तांनी सेवा करावी म्हणून पाळकाने त्यांना तयार करायचे. सेवा मंडळीने करायची आणि तयारी पाळकाने करून घ्यायची. १६११च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात तो स्वल्पविराम होता. अलीकडच्या बहुतेक भाषांतरांनी तो काढून टाकला. मूळ ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हे नव्हतीच. आम्हा कवींना एका स्वल्पविरामासाठी रात्र जागवल्याबद्दल लोक हसतात; इथे तर त्याच्यावर साऱ्या मंडळीची घडी बसलेली.

'तयार करणे' यासाठी तिथे जो ग्रीक शब्द आहे, त्याच धातूचे क्रियापद शुभवर्तमानात आणखी एका ठिकाणी येते. येशू गालील समुद्राच्या काठी जातो तेव्हा याकोब आणि योहान हे भाऊ मचव्यात बसून जाळी दुरुस्त करीत असतात. त्या दुरुस्त करण्याला हाच शब्द. जुन्या ग्रीक वैद्यकात निखळलेले हाड बसवण्यालाही तो वापरीत. म्हणजे तयार करणे म्हणजे व्याख्यान देणे नव्हे. फाटले आहे तिथे सांधायचे, निखळले आहे तिथे बसवायचे, की मग जाळे पाण्यात जाते आणि हात कामाला लागतो.

हे सुचले कसे, त्याचीही एक गोष्ट 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. यरुशलेमची मंडळी वाढली आणि भांडण लागले. भांडणाचे कारण धर्मतत्त्व नव्हते, जेवण होते. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार अशी की, रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावलले जाते. बारा प्रेषितांना दोन गोष्टी सहज करता आल्या असत्या. तक्रार दडपता आली असती, नाहीतर स्वतः पळ्या घेऊन वाढायला उभे राहता आले असते. त्यांनी तिसरेच केले. लोकांना म्हणाले, तुमच्यातले सात जण तुम्हीच निवडा. लोकांनी निवडलेली सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती वाटप गेले. कारभार ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातले शहाणपण सांगायला नको. गंमत पुढेच आहे. त्या सातांपैकी स्तेफन वाढपी म्हणून निवडला गेला आणि वक्ता निघाला. ख्रिस्ती परंपरेतला पहिला हुतात्मा तोच. तयार केलेला माणूस आपण आखलेल्या रेघेतच राहील, याची खात्री देता येत नाही. पुढाऱ्यांना माणसे तयार करायची भीती वाटते ती बहुधा यामुळेच.

पुढच्या शतकांत ही चाल मागे पडली. वेदीजवळचे वेगळे आणि बाकावरचे वेगळे, अशा दोन जाती झाल्या म्हणा ना. १५२०मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथरने प्रत्येक श्रद्धावंत हा याजकच आहे असे लिहिले. पण कागदावरचे तत्त्व मोहल्ल्यात उतरले कसे, याचे मला आवडणारे उदाहरण इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे आहे. जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट पंथाच्या तिथल्या सभागृहावर कर्ज होते. १७४२च्या फेब्रुवारीत ते फेडायचा विचार चालला असता एका कप्तानाने सुचवले की, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणी म्हणाले, पुष्कळांना तेवढेही झेपणार नाही. कप्तान म्हणाला, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. ज्याला जमणार नाही त्याचे मी भरीन. आपल्याकडच्या भिशीसारखेच समजा. बारा-बारांचे गट पडले, प्रत्येकाला एक प्रमुख. हा प्रमुख पेनी गोळा करायला दारोदार जाऊ लागला तेव्हा त्याला कोणाच्या घरी आजार दिसला, कोणाच्या घरी दारू, कोणाच्या घरी भांडण. तो वेस्लींना येऊन सांगू लागला. वेस्लींच्या ध्यानात आले की, कित्येक दिवस आपण जे शोधत होतो ते हेच. कर्जफेडीचा गट मंडळीचा कणा झाला, आणि प्रमुख म्हणून चांभार, खाणकामगार, घरकाम करणाऱ्या बाया अशी माणसे पुढे आली.

आता आपल्याकडे येऊ. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३मध्ये मुंबईत आणि १८३१मध्ये नगरला आले. त्यांच्या बोस्टनच्या मुख्य मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५मध्ये हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांचा आग्रह होता की, परदेशी माणसाने शक्य तितक्या लवकर आपली गरज संपवावी. मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण भागवावा, आपला प्रसार आपण करावा. बोलायला सोपे. मंडळीत येणारी बहुसंख्य माणसे गावकुसाबाहेरची, भूमिहीन, वर १८७६-७८ आणि १८९९-१९००चे दुष्काळ. ज्याच्या घरी भाकर नाही त्याला पाळकाचा पगार तूच दे म्हणायचे कोणत्या तोंडाने? म्हणून पगार मिशनचा राहिला. आणि पगार ज्याचा, शब्द त्याचा, हे ओघाने आलेच.

हे सर्वांत जास्त कोणाला खुपले असेल तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांना. टिळक १८६१चे. १८९५मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मग ते नगरला मिशनच्या कामात आले. मराठी माणसाला ख्रिस्त मराठीतच भेटला पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. त्यांच्या आधी कृष्णराव सांगळे यांनी नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनी अभंग दिले, भजने दिली. आजही मराठी मंडळ्यांत त्यांची गीते गायली जातात. मला या गीतांकडे कवी म्हणून पाहिल्यावर एक गोष्ट जाणवते. अक्षरओळख नसलेल्या माणसाला प्रवचन देऊन तुम्ही श्रोता करता. त्याला अभंग दिलात तर तो संध्याकाळी स्वतःच्या दारात बसून चार जणांना ऐकवतो. वारकऱ्यांना हे आधीपासून माहीत होते. तुकाराममहाराजांच्या भक्त टिळकांनी ते तिथूनच उचलले.

१९१७मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. पगारी उपदेशक नकोत. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेलेही, ख्रिस्ताच्या मागे जाऊ इच्छिणारे सारे या दरबारात बसतील, अशी ती कल्पना. आज वाचतानाही तिचे धाडस जाणवते. पण टिळकांच्या हाती दोनच वर्षे होती. ९ मे १९१९ला ते मुंबईत वारले आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. तरी वाटते की, त्या दरबारात सूर एकट्या टिळकांचाच होता. इतका मोठा आवाज असला की बाकीचे ऐकतच राहतात.

आणि त्याच वेळी त्यांच्या घरात, कोणतीही योजना न आखता, एक माणूस तयार होत होते. लक्ष्मीबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. टिळकांनी त्यांना वाचायला शिकवले खरे, पण नेटाने एका जागी बसून शिकवणे त्या गृहस्थांच्या स्वभावातच नव्हते. घरात आलेली अनाथ पोरे, दुष्काळग्रस्त, प्लेगचे रोगी यांची सेवा करता करता बाई शिकल्या. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. टिळकांच्या पश्चात त्या कीर्तनाला उभ्या राहिल्या. आणि 'स्मृतिचित्रे' तर आपण सगळ्यांनी वाचले आहे. मराठी गद्यात त्या पुस्तकाची जागा कोणती, हे मी सांगायला नको.

दरबार गेला आणि लक्ष्मीबाई राहिल्या, याचा अर्थ मी बरीच वर्षे लावतो आहे. मला वाटते, दरबारात माणसांना टिळकांच्या मागे चालायचे होते. घरात लक्ष्मीबाईंना पुष्कळदा टिळकांवाचून निभवावे लागले. टिळकांच्या धर्मांतरानंतरची वर्षे तर त्यांनी नवऱ्यापासून दूर, नातलगांत काढली आणि मग १९००मध्ये स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. त्यांचे शिष्यत्व उसने नव्हते.

दौंडजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी हेच काम जाणीवपूर्वक केले. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले, कारण प्रचलित भाषांतराचे मराठी खेड्यातल्या बाईला पेलत नाही, असे त्यांचे मत होते. एवढ्या मोठ्या संस्कृत पंडितेने मुद्दाम सोपे लिहायचे ठरवले! आणि ते छापले कोणी? मुक्ती मिशनच्या छापखान्यात, तिथल्याच बायकांनी. टाकून दिलेल्या विधवा आणि दुष्काळातल्या मुली खिळे जुळवू लागल्या. ज्या पुस्तकातले आपण ऐकायचे तेच पुस्तक आपल्या हाताने जुळवायचे, याहून वेगळी तयारी ती कोणती? १९२२च्या एप्रिलमध्ये, भाषांतर हातावेगळे झाल्यावर, रमाबाई गेल्या.

कॅथलिक पंथात धर्मगुरूचे स्थान अधिक वेगळे आणि उंच. तिथेही १९६२ ते ६५च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर दार किलकिले झाले. उपासना लोकांच्या भाषेत आली. वसईच्या मराठी चर्चमध्ये आज प्रापंचिक माणसे वेदीवरून वाचन करतात. २०२१च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदे अधिकृतपणे स्त्रियांनाही खुली केली. बायका वाचत होत्या आधीपासूनच. नोंद उशिरा झाली.

एक कुजबुजही ऐकवतो, कारण मी ती ऐकली आहे. 'सभासदांना सेवेसाठी तयार करणे' या गोंडस नावाखाली पुष्कळ ठिकाणी सभासदांना फक्त सतरंज्या घालायला आणि नाताळची वर्गणी गोळा करायला लावतात. निर्णय मात्र चौघांचे. ही तयारी नव्हे, बिगारी. आमच्याकडे तरी वेगळे काय आहे? नमाज पढवायला इस्लाममध्ये दीक्षा लागत नाही. जाणकार असलेला कोणीही पुढे उभा राहू शकतो. प्रत्यक्षात एक इमामसाहेब सगळे करतात आणि कमिटी पंखे मोजते.

मावशींच्या मंडळीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. मागे बसणाऱ्या पाळकसाहेबांची बदली झाली आणि आठ-नऊ महिने जागा भरलीच नाही. तेवढ्या काळात एकही रविवार चुकला नाही. एक एस. टी. कंडक्टर उपदेश करायचे, एक शिक्षिका शब्बाथशाळा घ्यायच्या, मयताच्या घरी मावशी जायच्या. प्रभुभोजन तेवढे होत नसे, कारण त्याला दीक्षित पाळकच लागतो. त्यासाठी दोन महिन्यांनी शेजारच्या गावचे पाळक सायकलवर येत. मग नवे साहेब आले. विद्वान, प्रामाणिक, राबणारे. उपदेश तेच करीत, पेटी तेच वाजवीत, हिशेब तेच लिहीत, चर्चची किल्ली त्यांच्याच खिशात. कंडक्टरांच्या बोलण्यातल्या व्याकरणाच्या चुका ते भर सभेत सुधारीत. दोन वर्षांत कंडक्टर बोलायचे थांबले. मावशी म्हणाल्या, "साहेब इतकं चांगलं सांगतात, आता आमची काय गरज?" पुढे साहेबांना कावीळ झाली आणि एका रविवारी माणसे कुलूपबंद दारापुढून घरी परतली. मी ते पाहिले आहे.

त्या साहेबांना मी मनातल्या मनात पुष्कळ वर्षे नावे ठेवली. माझ्याकडे दर गुरुवारी नवकवींची बैठक भरायची. मुले कविता आणायची, मी पेन्सिल घेऊन बसायचो. हा शब्द नको, ही मात्रा जास्त, इथे असे कर. ओळी सुधारायच्या, खरोखरच सुधारायच्या. चौदा मुले होती, पाच राहिली. परवा त्यांतल्या एकाची जुनी वही हाती आली. त्यातल्या चांगल्या ओळी बऱ्याचशा माझ्याच निघाल्या.

मावशी आता नाहीत. गेल्या नाताळात त्यांच्या मंडळीत गेलो होतो. सध्याचे पाळक तरुण आहेत, त्यांच्याकडे आणखी तीन गावांच्या मंडळ्या आहेत, त्यामुळे महिन्यातून एकच रविवार ते इथे असतात. उपासना संपल्यावर चहा घेताना मी सहज विचारले, "पुढच्या रविवारी उपदेश कोणाचा?"

ते म्हणाले, "मला नाही सांगता येणार. यादी त्या बाईंकडे असते." आणि त्यांनी कप गोळा करणाऱ्या एका मुलीकडे बोट दाखवले.